योहानाहोफमधली कुडाची भिंत

जुन्या घरांचं कौतुक करणाऱ्या माणसांचा मला मनापासून कंटाळा आहे, हे आधीच सांगून टाकते. ही माणसं स्वतः लिफ्टच्या इमारतीत राहतात आणि दुसऱ्याच्या बुटक्या दारात डोकं आपटून घेऊन वर "वा, काय घर आहे!" म्हणतात. त्यामुळे २०१३ साली ऊर्मिलाने फोन करून "आम्ही योहानाहोफमध्ये घर घेतलं" असं सांगितलं, तेव्हा मी अभिनंदनाच्या आधी "हीटिंग चालतं का?" असं विचारलं.

ऊर्मिला आणि मी जर्मनीत, र्युसेल्सहाइमला, जर्मन शिकायच्या वर्गात एका बाकावर बसलो, तेव्हापासूनची आमची ओळख. मी पुढे एका दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला चिकटले. ती मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. तिचं काम एका वाक्यात सांगता येतं: गाडीत पाणी शिरू द्यायचं नाही. कारखान्यात एक बंदिस्त खोली आहे, तिथे नव्या गाडीवर चहूबाजूंनी पाण्याचा मारा करतात. ऊर्मिला त्या वेळी गाडीच्या आत असते, हातात टॉर्च घेऊन, दाराच्या रबरी कडांवरून बोट फिरवत. कुठे थेंब दिसला की तो कुठून आला याचा छडा लागेपर्यंत तिला जेवण गोड लागत नाही. नवरा जयंत सॉफ्टवेअरमधला, सात्त्विक, बायको म्हणेल तिथे ड्रिल घेऊन उभा राहणारा. मुलगी ईप्सिता इथेच जन्मलेली. मराठी सगळं समजायचं तिला, पण उत्तर यायचं ते जर्मनमध्ये.

माहेर कुठलं असं विचारलं की ऊर्मिला "महाडकडची" म्हणायची आणि विषय बदलायची. माझ्या नाशिकच्या गल्लीतली भांडणंसुद्धा तिला तोंडपाठ होती, आणि मला तिच्या गावाचं नावही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, असतो एखाद्याचा स्वभाव.

घर बघायला गेले ती नाकं मुरडायच्या तयारीनेच. रेल्वे स्टेशनवरून चालत निघालं की आधी गोदामं लागतात, मग एक टायरचं दुकान, मग रस्ता एका मोठ्या लिंडेनच्या झाडाला वळसा घालतो आणि समोर योहानाहोफ येतं. मी तिथेच थांबले. का थांबले ते मला लगेच सांगता आलं नसतं.

मधोमध हिरवळ, तिच्या एका टोकाला विहीर आणि सगळ्या गावाची मिळून एक पाव भाजायची भट्टी. भोवती जोडघरं, खांद्याला खांदा लावून बसलेल्या बहिणींसारखी. खाली तांबडा दगड, वर काळपट लाकडाची चौकट आणि चौकटीच्या खणांमध्ये पांढऱ्या भिंती. याला इथे फाखवेर्क म्हणतात. छपरं उतरती, इतकी खाली आलेली की पावसात दारात उभं राहून बोलता यावं. खिडक्यांच्या झडपा सगळ्यांच्या एकाच हिरव्या रंगाच्या. मात्र छपराखालची तिकोनी भिंत प्रत्येक घराची वेगळी. कुठे लाकडांची फुली, कुठे माशाच्या काट्यासारखी नक्षी, कुठे नुसता एक उगवता सूर्य.

ऊर्मिलाने सांगितलं ते असं. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी इथे एक कातडी कमावायचा कारखाना होता. त्याचा मालक धंद्यासाठी इंग्लंडला गेला असताना तिथे एका जमीनदाराने आपल्या कुळांसाठी वसवलेलं आखीव गाव त्याने पाहिलं, आणि परत येऊन आपल्या कामगारांसाठी हे बांधलं. गावाला नाव बायकोचं दिलं. प्रत्येक घराचं स्वयंपाकघर हिरवळीकडे तोंड करून, म्हणजे हात पिठात असताना खेळणाऱ्या पोरांवर नजर राहावी. आणि तिकोनी भिंती वेगवेगळ्या का, तर हिवाळ्यात अंधार पडल्यावर थकून येणाऱ्या माणसाला आभाळावर आपल्या घराची आकृती दिसावी, दार चुकू नये.

"हे कोणी सांगितलं तुला?" मी विचारलं.

"फ्राऊ वेंट्सनी. शेजारच्या अर्ध्या घरात राहतात त्या. जन्म इथलाच आहे त्यांचा."

मग तिने मला दारावरची तुळई दाखवली. ओकच्या लाकडात नावं कोरलेली: सुताराचं, गवंड्याचं, मातीकाम करणाऱ्याचं. त्या-त्या कामाचा जो माइस्टर, म्हणजे ज्याने ते काम इतरांना शिकवलं, त्याचं नाव. मालकाचं नाव अख्ख्या गावात कुठेही नाही. तशी त्याची सक्त ताकीदच होती. नंतर दुरुस्ती करणाऱ्यांसाठी खाली लाकूड कोरं सोडलेलं. मी आयुष्यभर पाहिलेल्या इमारतींवर बिल्डरचं नाव होतं, उद्घाटन करणाऱ्या पुढाऱ्याचं होतं, गवंड्याचं कधी कुठे पाहिलं नव्हतं.  हीटिंगचं विचारायला मी विसरले.

घराला डेंकमालशुत्स लागू होता, म्हणजे सरकारी संरक्षण. खिळा ठोकायचा तरी कचेरीला विचारा. पण ऊर्मिलाला दम कुठला! पहिल्याच शरद ऋतूत तिच्या लक्षात आलं, की लाकडाची चौकट आणि पांढरे खण यांच्यामध्ये बारीक फटी आहेत. पाऊस तिरपा आला की खणाची कडा ओली होते. झालं. कारखान्यात जी बाई गाडीत थेंब शिरू देत नाही, तिच्या स्वतःच्या घराला फटी?

एका शनिवारी जयंत शिडीवर, ती खाली, आणि मधे सिलिकॉनच्या नळ्यांचा ढीग. पश्चिमेकडची अख्खी तिकोनी भिंत तिने रेघ न् रेघ बुजवली. वरून पाणी न पिणारा पांढरा रंग दिला. तोही असा हुबेहूब, की लांबून ओळखू येऊ नये. फ्राऊ वेंट्स दारात येऊन बघत होत्या. म्हाताऱ्या बाईने एकदाच विचारलं, "हे असं चालतं का?" ऊर्मिला म्हणाली, "माझं रोजचं कामच हे आहे." त्या हसून आत गेल्या. त्यांचा तिच्यावर विश्वास होता, कारण ती इंजिनिअर होती.

पुढची दोन वर्षं भिंत देखणी दिसत होती. पाऊस आला की ऊर्मिला मला खिडकीशी न्यायची आणि म्हणायची, "बघ, आहे का एक थेंब?"

२०१५च्या सप्टेंबरात फ्राऊ वेंट्सना वास यायला लागला. ओल्या तळघरासारखा, पण वरच्या मजल्यावर. ऊर्मिलाने स्क्रूड्रायव्हर घेऊन आडव्या तुळईला टोचून पाहिलं, तर पिकल्या पेरूत सुरी जावी तसा तो मुठीपर्यंत आत गेला. 

डेंकमालशुत्सच्या कचेरीतून एक बाई आली. करड्या केसांची, कमी बोलणारी. तिने सिलिकॉनवर नख फिरवलं आणि डोळे मिटून घेतले. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आल्झो, असं बघा, हे घर पाणी अडवत नाही. पाणी आत घेतं आणि परत सोडतं. तुम्ही त्याचं परत सोडणं बंद केलंत." लाकडाला केसाएवढी एक चीर पडली होती, तिच्यातून गेलेलं पाणी दोन वर्षं आतच राहिलं होतं.

खरी भीती पुढे होती. तुळई दोन्ही घरांची मिळून एक. कुजका भाग काढून तिथे नवं लाकूड बसवायचं काम क्नॉल नावाचा सुतार लगेच करणार होता. पण त्यासाठी वरचे मातीचे खण पाडावे लागणार, आणि ते पुन्हा भरणारे कारागीर या भागात मोजकेच. वसंतापर्यंत एकही मोकळा नव्हता. आणि कडाक्याची थंडी सुरू झाली की ओली माती गोठून फुटते. मग भरताही येत नाही. म्हणजे हिवाळाभर भिंत उघडी, आणि फ्राऊ वेंट्सची झोपायची खोली तर थेट तिच्यामागे, म्हणून त्यांचं अर्धं घर राहायला बंद. फ्राऊ वेंट्सना वृद्धाश्रमात जावं लागलं असतं. वय ऐंशीच्या पुढे. तिथे हिवाळ्यापुरता म्हणून गेलेला माणूस सहसा परत येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं आणि ऊर्मिलालाही.

फ्राऊ वेंट्स म्हणाल्या, "तुम्ही मुद्दाम नाही केलंत." एवढंच. ऊर्मिला माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "कौमुदी, या बाईने मला शिव्या घातल्या असत्या तर मी झोपले असते गं."

खण उघडायचा दिवस शनिवार होता, म्हणून मीही गेले. क्नॉल भिंतीला लावलेल्या परांचीवर उभा, बाजूला ऊर्मिला, खाली जयंत, ईप्सिता आणि मी. क्नॉलने छिन्नीने वरचा रंग आणि चुन्याचा पातळ थर सोलून काढला. खालून पिवळसर मातीचा पृष्ठभाग उघडा पडला, आणि ऊर्मिलाने त्याचा हात धरला.

"थांबा."

मातीवर बोटांचे फराटे होते. चार बोटांचे अर्धगोल, एकाला लागून एक, खणाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. चुना नीट धरावा म्हणून शे-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी ओल्या मातीवर हात फिरवून ठेवला होता. ऊन तिरपं पडलं होतं, त्यामुळे प्रत्येक बोटाची खाच वेगळी दिसत होती. करंगळीची खाच जरा उथळ.  ज्या हाताची हाडंही आता उरली नसतील, त्या हाताचा वेग तिथे तसाच होता.

क्नॉलने खालचा एक कोपरा हलक्या हाताने फोडला. आत उभ्या काठ्या आणि त्यांच्यातून विणलेल्या हेझलच्या फांद्या, आणि त्यांना धरून बसलेली गवतमिश्रित माती. ऊर्मिला परांचीवर मटकन खाली बसली.

"हा कूड आहे," ती मराठीत म्हणाली. "अरे देवा. हा कूड आहे."

जयंतला वाटलं तिला चक्कर आली. तो शिडी चढायला लागला, तर तिने हाताने त्याला थांबवलं. मग तिथेच बसून, छपराला पाठ टेकून, ती बोलायला लागली. मी तिला ओळखते त्या सगळ्या वर्षांत ती एका दमात इतकं बोललेली मला आठवत नाही.

तिचं गाव महाड नव्हे. पोलादपूरच्या वर घाटात एक वाडी आहे, तिथलं शेवटचं घर उतेकरांचं. भिंती कारवीच्या काठ्या विणून केलेल्या, त्यावर शेणामातीचा लेप. आई, यमुनाबाई, दर वैशाखात माती तुडवायची, भिंतीला लिंपायची, आणि ऊर्मिला तिच्या बरोबरीने. पण तिकडचा पाऊस असा, की आषाढात भिंतीला पाझर फुटायचा. एका पावसाळ्यात चुलीमागचा कूड रात्रीतून बसला आणि तिची पुस्तकं चिखलात गेली. शाळेत मुली म्हणायच्या, उतेकरणीच्या कपड्यांना चिखलाचा वास येतो. तेव्हाच तिने ठरवलं, की पाणी आत येणार नाही अशा घरात राहायचं. नोकरी लागल्यावर पहिलं काम काय केलं, तर कूड पाडून आईला सिमेंटचं स्लॅबचं घर बांधून दिलं.  पण उन्हाळ्यात ती त्या घरात झोपायची नाही. गोठ्याची एक भिंत कुडाची राहिली होती, तिच्या आडोशाला अंथरूण टाकायची, आणि मरेपर्यंत दर वर्षी ती एक भिंत लिंपत राहिली.

"मी तिला विचारलं, कशाला करतेस गं, गुरं तरी आहेत का आता? तर म्हणाली, भिंतीला वारा लागतो." ऊर्मिलाने डोळे पुसले तेव्हा गालाला माती लागली. "मला वाटलं, अडाणी आहे. आणि इथे बघ, त्याच भिंतीवर सरकारचं संरक्षण आहे."

 क्नॉलला मराठीतला एक शब्द कळला नव्हता, पण तो टोपी हातात घेऊन उभा होता.

मग ऊर्मिला उठली आणि जर्मनमध्ये म्हणाली, "माती मी भरते."

डेंकमालशुत्सच्या बाईला क्नॉलनेच फोन केला. ती सोमवारी आली आणि तिने अट घातली: आधी एक खण भरून दाखवा, तो पाहून मी ठरवीन. सिलिकॉनवालीवर तिने विश्वास का ठेवावा? मीही ठेवला नसता.

जुन्या भिंतीची पाडलेली माती फेकायची नाही, तीच भिजवून परत वापरायची, हे इथेही तसंच आणि वाडीतही तसंच. क्नॉलने तुळईचा कुजका भाग काढून नवं लाकूड बसवलं आणि हेझलच्या फांद्या आणल्या. ऊर्मिलाने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ऑक्टोबरच्या गार हवेत मातीत उतरली. गवत कमी पडलं ते आणलं. मग म्हणाली, "शेण हवं." जवळच्या गोठ्यातून शेणाची बादली आणायचं काम माझ्या वाट्याला आलं, आणि ती बादली माझ्या गाडीच्या डिकीतून आली, हे मी तिला जन्मभर ऐकवणार आहे. क्नॉल म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर, माझे आजोबासुद्धा घालायचे."

ईप्सिता काठावर उभी राहून बघत होती. घरी धूळ दिसली तरी व्हॅक्यूम क्लीनर काढणारी आपली आई, गुडघाभर चिखलात नाचल्यासारखी पावलं टाकते आहे. शेवटी तिने बूट काढले. "इस्ट दास काल्ट?" गार आहे का, असं तिने विचारलं. ऊर्मिला म्हणाली, "ये आत, मग कळेल." पोरगी किंचाळत उतरली. दोघींच्या पायांखाली माती मळत गेली.

विणकाम बघायला मी परांचीवर चढले होते. ऊर्मिलाची बोटं फांदी आत घालत, बाहेर काढत, दाबून बसवत होती, आणि तिचं लक्ष तिकडे नव्हतंच. ती फ्राऊ वेंट्सशी खिडकीतून भाजीचं बोलत होती. हात आपोआप चालत होते. मग दोन्ही बाजूंनी मातीचे गोळे थापले, आणि शेवटी तिने ओल्या मातीवर हात फिरवला. चार बोटांचे अर्धगोल, एकाला लागून एक. शेजारच्या खणात जुने फराटे होते, या खणात तिचे. मी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. कुठला कुणाचा हे सांगता आलं नसतं. मी काही भाविक बाई नाही, पण त्या क्षणी मी हात जोडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

डेंकमालशुत्सची बाई आठवड्याने आली. तिने खणावर टिचकी मारली, कडेला नाक लावून वास घेतला, फटीत बोट घातलं. माती वाळताना लाकडापासून जराशी सुटते, ती फट तशीच हवी. ती तशीच होती. "जा," ती म्हणाली. "बाकीचे पण भरा."

नोव्हेंबरात बर्फाळ थंडी आली तेव्हा भिंत बंद होती. फ्राऊ वेंट्स आपल्याच खोलीत, आपल्याच पलंगावर झोपत होत्या.

राहिलं होतं ते दारावरच्या तुळईवर नावं कोरायचं. क्नॉलने आपलं नाव कोरलं, मग छिन्नी खाली ठेवून ऊर्मिलाला विचारलं, "तुम्ही माइस्टर आहात का?"

"नाही."

"मग कोणाकडे शिकलात?"

या देशात हा रोजचा प्रश्न आहे. सुतार असो की न्हावी, काम येतं म्हटलं की कोणाकडे शिकलात हे विचारतातच. ऊर्मिलाला इंजिनिअरिंगबद्दल तो शंभरदा विचारला गेला असेल आणि तिने कॉलेजचं नाव सांगितलं असेल. 

"बाय माइनर मुटर," ती म्हणाली. माझ्या आईकडे.

"नाव?"

तिने सांगितलं. मग पेन्सिल घेऊन तिने ते स्वतःच लाकडावर लिहून दिलं, आपल्या देवनागरी अक्षरांत. क्नॉल मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिला. त्याला वरची रेघ फार आवडली. "सगळी अक्षरं एका तुळईला टांगली आहेत," तो म्हणाला, आणि त्याने आधी ती रेघ कोरली, मग तिच्याखाली एकेक अक्षर.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी तिथे गेले होते. घरं बघायला आलेल्या लोकांचा एक घोळका दारात उभा होता आणि फ्राऊ वेंट्स काठी टेकून त्यांना माहिती सांगत होत्या. एकाने ती वेगळी अक्षरं दाखवून विचारलं, हे कोण?

"आमच्या भिंतीच्या माइस्टर," फ्राऊ वेंट्स म्हणाल्या. "यमुना उतेकर."